खून वाईटच, पण...

मागच्या महिन्यात सलग चार रविवार मी आणि माझी मैत्रीण सह्या गोळा करत फिरलो. हातात क्लिपबोर्ड, त्याला सुतळीने बांधलेलं पेन (पहिल्याच रविवारी तीन पेनं लोकांच्या खिशात गेली, म्हणून सुतळी), वर अर्धा पान मजकूर की इज्जतीच्या नावाखाली घरचेच लोक मुलींना मारतात, कोंडतात, धमकावतात, याच्यासाठी स्वतंत्र कायदा करा, आणि खाली रकाने, नाव, पत्ता, सही. मला वाटलं होतं लोक भांडतील, दारं आपटतील. एकानेही दार आपटलं नाही. सगळे बसा म्हणाले, पाणी विचारलं, कागद नीट वाचला, मान हलवली आणि म्हणाले, खून वाईटच हो. मग एक छोटासा थांबा. आणि मग "पण".

दुसऱ्या रविवारपासून मी वहीच्या मागच्या पानावर या "पण"च्या रेघा मारायला लागले, चार उभ्या पाचवी आडवी, कॅरमचे पॉइंट लिहितात तशा. चौथ्या रविवारी पान भरलं. सह्या कमी आणि पण जास्त अशी एकूण परिस्थिती. मैत्रीण वैतागली, म्हणाली लोक बदलणारच नाहीत. मला उलट वाटलं की चार रविवार फिरून आपल्याला पहिल्यांदा कळलंय की काम नेमकं कुठे आहे. खून वाईट हे सगळ्यांना मान्यच आहे, त्यासाठी जनजागृती करायची गरजच नाही, आपण मात्र पोस्टरवर मोठ्या अक्षरात तेच लिहून फिरतो. खरी मारामारी त्या पणनंतरच्या वाक्याशी आहे.

आता ती वाक्यं कोणती. "पण पोरीनेही आईबापाचा विचार करायला नको का?" हे सगळ्यात जास्त. "पण हे आपल्यात नाही होत, त्यांच्यात होतं." हे दुसऱ्या नंबरला, आणि गंमत म्हणजे प्रत्येक दारात "त्यांच्यात" म्हणजे वेगळे लोक. याच्यावर मी फार वेळ घालवत नाही. हे स्वीडनमध्ये झालंय, इटलीत झालंय, ब्राझीलमध्ये झालंय, पाकिस्तानात, जॉर्डनमध्ये आणि आपल्याकडे झालंय, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी केलंय, शिकलेल्यांनी केलंय. "त्यांच्यात"वाल्यांना एवढंच सांगते आणि पुढे जाते.

तिसरं पण मात्र मला भारी वाटलं कारण ते विचार करून आलेलं होतं. एक काका, आयुष्यभर कोर्टात कारकुनी करून रिटायर झालेले, चष्मा कपाळावर. म्हणाले, "ताई, ३०२ आहे की. आता त्याचा नंबर बदलून १०३ झालाय, पण खून तो खूनच. त्याला फाशी आहे, जन्मठेप आहे. मग परत वेगळा कायदा कशाला? इज्जतीसाठी मारला तर जास्त मेला असं असतं का?"

त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचत बसले, पुढच्या रविवारी परत त्यांच्याकडे गेले. जे सांगितलं ते इथे लिहितेय, कारण हा प्रश्न कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला विचारला जाणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हुंडाबळीच्या वेळेसही ३०२ होतंच. तरी १९८६ मध्ये ३०४-ब वेगळं आणावं लागलं. कारण मारणारे घरातले, बघणारे घरातले, साक्षीदार घरातले, स्टोव्हचा भडका झाला म्हणायचं की संपलं. सतीच्या वेळेसही तेच. राजस्थानातल्या देवराला गावच्या सती प्रकरणानंतर १९८७ चा कायदा आला, त्यात सतीचा उदोउदो करणं हासुद्धा गुन्हा धरला, कारण चिता पेटवणारे चार लोक असले तरी जयजयकार करणारे हजारो होते, आणि त्या हजारांमुळेच चौघांना हिंमत होते. म्हणजे जिथे गुन्हेगाराला मागून समाजाची थाप मिळते तिथे नुसता खुनाचा कायदा तोकडा पडतो, हे आपण दोनदा मान्य करून बसलोय.

दुसरी गोष्ट ऐकून काका जरा सरसावून बसले. कित्येक देशांत खुनाच्या कायद्यातच इज्जतीसाठी सूट लिहून ठेवलेली होती! फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८१० च्या दंडसंहितेत ३२४ वं कलम होतं, नवऱ्याने बायकोला स्वतःच्या घरात परपुरुषाबरोबर रंगेहाथ पकडून तिथेच मारलं तर तो खून क्षम्य. हे १९७५ पर्यंत पुस्तकात होतं. जॉर्डनचं अशीच सूट देणारं ३४० वं कलम, ज्याच्यावर इतकी वर्षं वाद झाला, त्याची मुळं शोधत गेलं तर एक धागा या फ्रेंच कायद्यापर्यंत जातो. आणि हे कलम काढा म्हटलं की तिथले विरोधक काय म्हणायचे, तर हा आपल्या संस्कृतीवर पाश्चात्त्यांचा हल्ला आहे. म्हणजे सूट पॅरिसहून आलेली आणि ती काढायला निघालं की ती काढणारे परदेशी. मला हे वाचून हसू आलं, मग नाही आलं.

इटलीत ५८७ वं कलम होतं. बायको, मुलगी किंवा बहीण यांना अब्रूसाठी मारलं तर शिक्षा तीन ते सात वर्षं. १९८१ मध्ये रद्द झालं. १९८१ हो, भारताने वर्ल्ड कप जिंकायच्या दोन वर्षं आधी. त्याच कायद्याने आणखी एक कलम गेलं, बलात्काऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की त्याचा गुन्हा माफ. या दुसऱ्या कलमाच्या विरोधात लोकमत कसं तयार झालं ती गोष्ट मला फार आवडते. सिसिलीमधल्या अल्कामो गावात १९६५ च्या डिसेंबरमध्ये फ्रांका व्हिओला नावाच्या १७ वर्षांच्या मुलीला एका गुंडाने पळवून नेलं, बलात्कार केला आणि मग रिवाजाप्रमाणे लग्नाचा निरोप पाठवला. मुलगी नाही म्हणाली. तोपर्यंत असं जाहीर नाही म्हणणारी कोणी ऐकिवात नव्हती. तिचा बाप साधा शेतकरी. त्याची द्राक्षबाग आणि गोठा जाळला, गावाने बोलणं टाकलं, तो मुलीच्या मागे उभा राहिला आणि केस लढला. गुंडाला शिक्षा झाली. १९६८ मध्ये तिने आपल्या आवडीच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी भेट पाठवली. आणि तरीही पुस्तकातलं कलम जायला १९८१ उजाडलं. म्हणजे लोकांचं मन आधी हललं, पुस्तक नंतर, आणि मधे तेरा वर्षं.

काका म्हणाले, बरं, पण आपल्याकडे तर अशी सूट नाही. (ही रेघ मी मारली नाही, हा प्रामाणिक पण होता.)

बरोबर आहे, सरळ सूट नाही. पण आपल्याकडे खुनाच्या आधीचं सगळं मोकळं आहे. मुलीचा मोबाइल काढून घेणं, कॉलेज बंद करणं, मामाच्या गावी नेऊन ठेवणं, मुलाच्या घरी दहा माणसं पाठवणं, बैठक बसवून ठराव करणं. सुट्या सुट्या कलमांत हे बसवता येतं म्हणतात, पण मुलगी पोलीस स्टेशनला गेली की तिला तिथे बसवून वडिलांनाच फोन जातो. विधी आयोगाने २०१२ मध्ये २४२ वा अहवाल दिला, त्यात लग्नात असा हस्तक्षेप करणाऱ्या जमावाला आणि बैठकीलाच बेकायदा ठरवणाऱ्या कायद्याचा मसुदा आहे. सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१८ ला शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप पंचायतीने पडायचं नाही, जिल्ह्याजिल्ह्यात स्पेशल सेल करा, जोडप्यांसाठी सुरक्षित घरं करा, हलगर्जी करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा, आणि संसद कायदा करत नाही तोपर्यंत हे पाळा. राजस्थान विधानसभेने २०१९ मध्ये स्वतःचं विधेयक मंजूर केलं. देशभरासाठी कायदा अजून झालेला नाही.

आणि तिसरी गोष्ट माफीची. ही मला सगळ्यात भयंकर वाटते. पाकिस्तानात १९९० पासून असा कायदा होता की खून झालेल्याचे वारस खुन्याला माफ करू शकतात. आता भावाने बहिणीला मारलं तर तिचे वारस कोण? त्याचेच आईवडील. एक लेकरू गेलं, दुसरं कशाला घालवा. २००४ मध्ये कायदा केला पण ही फट राहिली. जुलै २०१६ मध्ये सोशल मीडियावर फेमस असलेल्या कंदील बलोचला तिच्या भावाने गळा दाबून मारलं, तेव्हा इतका आवाज झाला की ऑक्टोबरमध्ये संसदेने नवा कायदा केला, घरच्यांनी माफ केलं तरी जन्मठेप. भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झालीही. आणि २०२२ मध्ये हायकोर्टातून तो सुटला. कायदा कागदावर आला तरी हा खून इज्जतीसाठीच होता हे कोर्टात टिकावं लागतं, साक्षीदार फिरले की ते टिकत नाही, आणि साक्षीदार कोण, तर परत घरचेच.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद परत वाचला आणि म्हणाले, "यात 'ऑनर किलिंग' लिहिलंय ते काढा. ऑनर कसला? नाहीतर 'कथित' तरी लावा. कोर्टात कथित हा शब्द फार कामाला येतो." सही केली, खाली तारीख टाकली, तारखेखाली एक बारीक रेघ मारली. चाळीस वर्षांची सवय. आम्ही पुढच्या वेळी मजकूर बदलून प्रिंट काढली, आता त्यात "कथित प्रतिष्ठेसाठी" असं आहे. वाचताना लोक त्या शब्दाला अडखळतात आणि अडखळले की प्रश्न विचारतात, त्यामुळे बरंच झालं.

आता मला ज्यांच्याबद्दल मुळात लिहायचं होतं ते गृहस्थ. तिसरा रविवार, जिन्यात भेटले, पन्नाशीचे असतील, हातात दळणाचा डबा. कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. मी वहीवर पेन टेकवून तयार, आता पण येणार. ते डबा पायरीवर ठेवून तिथेच बसले. म्हणाले, आमच्या घरात झालंय. खून नाही, देवाची कृपा. मुलगी निघून गेली लग्न करून. दुसऱ्या दिवसापासून भाऊबंद संध्याकाळी दारात येऊन बसायला लागले. रोज. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, नुसते बसायचे आणि जाताना एकजण विचारायचा, मग काय ठरवलंस? "सोळा दिवस," म्हणाले. "काय ठरवायचं होतं मी? मला तर काही ठरवायचंच नव्हतं. पण सोळा दिवस रोज विचारलं ना की आपल्यालाच वाटायला लागतं, काहीतरी ठरवायला पाहिजे बहुतेक." मग म्हणाले, तेव्हा मला कोणी सांगितलं असतं की असं येऊन बसणं हाच गुन्हा आहे, तर मी म्हटलं असतं, उठा बाबांनो, माझ्या दारातून सगळे आत जाल. तुमच्या भीतीपेक्षा मोठी भीती मला दाखवता आली असती.

मुलगी आता कुठे असते विचारलं तर म्हणाले, आहे, बरी आहे, तिच्या आईशी बोलते. सही केली, नाव पत्ता फोन नंबर सगळं लिहिलं, फोनचा रकाना नव्हता तरी लिहिला. डबा उचलला आणि गेले.

तोपर्यंत मी कायद्याचा विचार मारणाऱ्याच्या बाजूने करत होते, की त्याला जरब बसेल का. जो मारायचं ठरवून बसलाय त्याला कदाचित नाही बसणार. पण प्रत्येक अशा घरात एक जण ठरवून बसलेला असतो आणि चार-पाच जण न ठरवलेले असतात, आई असते, एखादा काका असतो, धाकटा भाऊ असतो, त्यांना नाही म्हणायचं असतं आणि नाही म्हणायला कारण मिळत नाही. "माझं लेकीवर प्रेम आहे" हे कारण भाऊबंदांपुढे चालत नाही. "जेलमध्ये जाऊ का?" हे चालतं. हे कारण त्यांच्या हातात द्यायचंय.

महाराष्ट्रात हे एकदा करून झालंय आणि आपण ते विसरलोय म्हणून राग येतो. २०१३ मध्ये नाशिकमध्ये एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला मारलं. खोलात गेल्यावर जातपंचायतीच्या दबावाचा विषय बाहेर आला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती असं अभियान सुरू केलं आणि मग धरण फुटल्यासारखं झालं, वाळीत टाकलेले, दंड भरलेले, लग्नकार्याला न बोलावलेले लोक स्वतःहून पुढे येऊन नावानिशी बोलायला लागले. त्याच ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, अभियान थांबलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, २०१७ पासून लागू आहे, बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हा खुनाचा कायदा नाहीच. हा त्या दारात येऊन बसणाऱ्यांचा कायदा आहे. आणि तो झाला कारण ज्यांनी सोसलं होतं ते बोलले. पोस्टरमुळे नाही झाला.

सह्यांचं म्हणाल तर सह्यांनी लगेच काही होतं अशा भ्रमात मी नाहीये. जॉर्डनमध्ये १९९९ साली लोकांनी हजारो सह्या गोळा केल्या, पत्रकार राना हुसैनी त्यात होती, जिने १९९४ पासून या खुनांच्या बातम्या लावून धरल्या, नाहीतर आधी दोन ओळींत उरकायचे. तिच्या सुरुवातीच्या बातम्यांपैकी एक १६ वर्षांच्या मुलीची, एका भावाने बलात्कार केला म्हणून दुसऱ्या भावाने मारलेली. सह्या झाल्या, २००० मध्ये राजपुत्रांसकट मोर्चा निघाला, आणि खालच्या सभागृहाने प्रस्ताव परत परत फेटाळला. रागाच्या भरात मारलं म्हणून मिळणारी सवलत अशा खुन्यांना मिळणार नाही, ही दुरुस्ती व्हायला २०१७ लागलं. घरच्यांनी तक्रार मागे घेतली की शिक्षा कमी होते ती फट त्यानंतरही राहिलीच. आणि ब्राझीलचं बघा, १९७९ मध्ये अँजेला दिनिजला मारणारा तिचा प्रियकर "अब्रूच्या बचावासाठी" म्हणून दोन वर्षांच्या शिक्षेवर, तीही स्थगित, कोर्टाबाहेर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बायका रस्त्यावर उतरल्या, प्रेम करणारा मारत नाही अशी घोषणा घेऊन. १९८१ च्या फेरसुनावणीत त्याला १५ वर्षं झाली. तेच कोर्ट, तोच खून, फक्त दोन वर्षांत बाहेरचा आवाज बदललेला. तरी हा बचाव घटनाबाह्य आहे हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगायला २०२३ साल यावं लागलं.

त्यामुळे "कायद्याने मनं बदलतात का" या पणला मी आता एवढंच म्हणते की मला तुमचं मन नकोय, सही हवीये, मनाचं नंतर बघू. काहीजण हसतात. हसलेले बहुतेक सही करतात, हा आमचा चार रविवारचा रिसर्च.

शेवटच्या रविवारी एक दार. साधारण माझ्याच वयाची बाई, हात ओले, पीठ लागलेले. कागद हातात न घेता मान वाकडी करून वाचला. हात गाऊनला पुसले, पेन घेतलं, नाव लिहिलं, सुंदर अक्षर, शाळेत पहिला नंबर असणार. मग थांबली. आतून कोणीतरी कोण आलंय म्हणून विचारलं, ती मागे न बघता म्हणाली, काही नाही, पोलिओवाले. आणि मला हळूच, "पत्ता पण लिहायचा का?"

माझा हात सवयीने रेघ मारून मोकळा झाला. मैत्रिणीने कोपर मारलं, अगं, हा पण वेगळा.

पत्ता असला तरच सही धरायची असं आमचं आम्हीच ठरवलं होतं, उगीच खोट्या सह्या म्हणून कोणी बोट दाखवायला नको. मी म्हटलं, नाही लिहिलात तरी चालेल. तिने पेन परत दिलं, सुतळी दारात अडकली होती ती सोडवून दिली, आणि दार लावून घेतलं. रात्री मोजायला बसलो तेव्हा त्या ओळीपाशी आम्ही दोघी अडकलो. मैत्रीण म्हणाली नियम तो नियम, खोडू या. मग तिनेच पेनाचं टोपण लावलं. ती मोजणीत नाहीये, पण पानावर आहे.